क्रँकशाफ्टचा न दिसणारा पीळ

इंजिनाच्या पुढच्या टोकाला जी पुली अल्टरनेटरचा बेल्ट फिरवते, ती कधी जवळून पाहिली आहे? लांबून ती ओतीव लोखंडाचा एकसंध गोळा वाटते. नीट पाहिलं की आतला भाग आणि बाहेरची जाड कडी यांच्यामध्ये एक बारीक काळी गोल रेघ दिसते. ती रबराची असते. आतला भाग क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला, बोल्टने आवळलेला, बाहेरची कडी पूर्णपणे सुटी, आणि दोघांना धरून ठेवायला मध्ये फक्त ते रबर. हे रबर चिरलं की मेकॅनिक अख्खी पुली बदलायला सांगतो, आणि गाडीमालक बुचकळ्यात पडतो. बेल्ट फिरवायला साधी पुली पुरली असती. मग हा रबराचा खटाटोप कशासाठी?

आवाज कमी करायला असेल, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. क्रँकशाफ्ट फिरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. फिरता फिरता तो सेकंदाला शेकडो वेळा पिळला जातो आणि उलगडतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात. आपण पीळ-कंपन म्हणू. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि इंजिनात सेन्सर सहसा जिथे बसवतात तिथे तर ते जेमतेम पोचतं. म्हणून ते थेट वाचता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. मला हा विषय आवडतो तो याच कारणासाठी: कागदावरचं गणित आणि फिरत्या चाकाचे दाते मोजणं, दोन्ही एकमेकांना धरून चालले तरच हाती काही लागतं.

सरासरी टॉर्क आणि खरे ठोके

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार सिलिंडर असतील तर दोन फेऱ्यांत चार ठोके, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एक. मधल्या काळात शाफ्टला कुणी ढकलत नाही; उलट दुसऱ्या एखाद्या सिलिंडरात हवा दाबताना त्याचीच शक्ती खर्च होत असते.

ठोका केवढा असतो? पिस्टनचा व्यास ८० मिलिमीटर धरा आणि पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर पेटलेल्या वायूचा दाब ७० बार धरा. पिस्टनच्या डोक्यावर साडेतीन टनांहून जास्त भार येतो. पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली उतरलेला असताना हा भार क्रँकला जेमतेम १४ मिलिमीटरच्या तरफेवर मिळतो, तरी पिळणारा जोर ५०० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. आणि काही मिलिसेकंदांत तो ओसरूनही जातो.

गाडीच्या माहितीपत्रकात छापलेला टॉर्क ही या सगळ्या चढउतारांची सरासरी असते. सरासरी टॉर्कने शाफ्ट एका बाजूला थोडा पिळून राहतो, बस्स. त्रास देतो तो चढउतार. त्यात पिस्टनच्या वजनाची भर पडते: प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबतो, दिशा बदलतो आणि पुन्हा वेग घेतो. त्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाचा वेग दुप्पट केला की हा जोर चौपट. कमी वेगाला वायूचा दाब शाफ्टला जास्त छळतो, वरच्या वेगाला पिस्टनचं जडत्वही जोर धरतं.

पण एवढं जाड पोलाद पिळेल तरी कसं?

ही शंका रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. ५० मिलिमीटर व्यासाची, अर्धा मीटर लांबीची भरीव पोलादी कांब घ्या. एक टोक पक्कं धरा आणि दुसऱ्या टोकाला ५०० न्यूटन-मीटरचा पीळ द्या. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की ती ०.३ अंशाच्या आसपास पिळेल. क्रँकशाफ्ट तर सरळ कांबही नसतो. तो वेडावाकडा, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. बेअरिंगवर टेकणारे जर्नल एका रेषेत, कनेक्टिंग रॉड धरणाऱ्या क्रँकपिन बाजूला सरकलेल्या, आणि दोहोंना जोडणारे पातळ पंखे. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या सरळ कांबेपेक्षा तो जास्त पिळतो.

०.३ अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा तीन सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा. हा आकडा एकट्याने घातक नाही. घातक होतं ते पुढचं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. पोलादाची तऱ्हा उलटी. जोर सुटला की त्याचा पीळ लगेच जातो, आणि शून्यावर न थांबता पलीकडे जातो.

दोराला टांगलेली बादली

वाळूने भरलेली बादली दोराला टांगा, तिला चार-सहा वेढे द्या आणि सोडा. दोर उलगडतो, पण तोवर बादलीने वेग घेतलेला असतो. दोर सरळ झाला तरी ती फिरतच राहते, दोराला उलट्या बाजूने पीळ पडतो, मग ती थांबते आणि माघारी फिरते. बादली भरलेली असेल तर हा खेळ सावकाश चालतो, रिकामी असेल तर भराभर. दोर ताठ असेल तर आणखी भराभर. बादलीचं जडत्व आणि दोराचा ताठरपणा या दोनच गोष्टी ठरवतात की सेकंदाला किती हेलकावे होणार. त्या संख्येला नैसर्गिक वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात.

क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना बादल्या आहेत असं समजा. मागे फ्लायव्हील हे जड चाक, भरलेली मोठी बादली. पुढे पुली आणि पुढच्या क्रँक, जवळपास रिकामी. दोर हलू लागला की कोण जास्त फिरेल? अर्थात रिकामी. मोटारीच्या इंजिनात नेमकं हेच होतं: पुढचं टोक जोरात हेलकावतं, फ्लायव्हील जवळजवळ स्थिर राहतं, आणि फ्लायव्हीलच्या अलीकडे शाफ्टवर अशी एक जागा असते जिथे हेलकावा शून्य असतो. ही जागा लक्षात ठेवा, सेन्सरचा विषय निघाला की ती पुन्हा आडवी येणार आहे.

मोटारींच्या क्रँकशाफ्टची ही वारंवारता साधारण काहीशे हर्ट्झ असते. शाफ्ट जितका लांब तितकी ती खाली येते. म्हणूनच एका ओळीत सहा सिलिंडर असलेली इंजिनं या बाबतीत चार सिलिंडरवाल्यांपेक्षा जास्त नाजूक मानली जातात.

घातक वेग कोणता?

झोक्यावर बसलेल्या मुलाला भलत्या वेळी ढकललं तर झोका अडखळतो. तो परत येऊन वळण्याच्या क्षणी दरवेळी हलकेच ढकललं तर तोच झोका उंच जातो. ढकलण्याचा ठेका आणि झोक्याचा ठेका जुळला की होतो तो अनुनाद. क्रँकशाफ्टचंही तसंच. ठोक्यांचा ठेका नैसर्गिक वारंवारतेशी जुळला की ०.३ अंशाचा पीळ तेवढाच राहत नाही, दर ठोक्याला साठत जातो.

इथे एक शब्द शिकून घ्यावा लागेल: ऑर्डर. क्रँकच्या एका फेरीत एखादा जोर जितक्या वेळा वरखाली होतो, ती त्याची ऑर्डर. चार सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दोन ठोके, म्हणून दुसरी ऑर्डर मुख्य. सहा सिलिंडरमध्ये तिसरी, तीन सिलिंडरमध्ये दीडवी. हा अर्ध्याचा घोळ फोर-स्ट्रोकमुळे येतो, कारण सिलिंडरचं एक चक्र दोन फेऱ्यांचं असतं. शिवाय ठोका म्हणजे काही गुळगुळीत लाट नव्हे. तो अचानक चढतो आणि झपकन उतरतो. एकाच ठोक्यात त्यामुळे अनेक ऑर्डरी दडलेल्या असतात, तंबोऱ्याच्या एका तारेत मूळ सुराबरोबर वरचे सूरही ऐकू येतात तशा.

समजा सहा सिलिंडरच्या एखाद्या शाफ्टची नैसर्गिक वारंवारता ३०० हर्ट्झ आहे. एका मिनिटात ३०० गुणिले ६० म्हणजे १८,००० हेलकावे. तिसऱ्या ऑर्डरशी गाठ पडायला इंजिन ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी, फिरावं लागेल. साडेचौथ्या ऑर्डरशी गाठ ४,००० ला पडेल, सहाव्या ऑर्डरशी ३,००० ला. म्हणजे रोजच्या वापरातल्या वेगांतच दोन-तीन ठिकाणी सापळे लावलेले आहेत.

सगळे सापळे सारखे नसतात. तिसऱ्या आणि सहाव्या ऑर्डरला सहाही सिलिंडर एका तालात ढकलतात. बाकीच्या ऑर्डरींना कोण कधी पेटतं यावर सगळं अवलंबून असतं: पुढचे आणि मागचे सिलिंडर एकमेकांचं ढकलणं खोडून काढतात की वाढवतात, हे पेटण्याच्या क्रमावर ठरतं. पुढच्या सिलिंडरच्या ढकलण्याला जास्त वजन, कारण तिथे हेलकावा मोठा. फ्लायव्हीलशेजारच्या सिलिंडरला कमी. म्हणून पेटण्याचा क्रम निवडताना इंजिनिअर पीळ-कंपनाचा हिशेबही समोर ठेवतात.

हा विषय आज पुन्हा ऐरणीवर आला आहे, त्याची कारणं इथेच आहेत. टर्बो लावून छोट्या इंजिनातून जास्त काम काढायचं म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढवायचा, म्हणजे ठोका मोठा. इंधन वाचवायला काही इंजिनं कमी भाराला अर्धे सिलिंडर बंद ठेवतात. चारातले दोन बंद झाले की फेरीला दोनऐवजी एकच ठोका उरतो, आणि ऑर्डरींचं सगळं गणित गाडी चालता चालता बदलतं.

कागदावरचा अंदाज

हर्मान फ्राम या जर्मन इंजिनिअरने १९०२ मध्ये जहाजांच्या लांब शाफ्टमधल्या पीळ-कंपनांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा धोका इंजिनिअरांपुढे स्पष्टपणे आला. मोटारींत सहा सिलिंडरची लांब इंजिनं आली तशी तीच दुखणी रस्त्यावर उतरली, आणि १९१० च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर यांनी क्रँकच्या पुढच्या टोकाला बसवायचा डँपर, म्हणजे हे कंपन शमवणारा भाग, तयार केला. पुढे मे १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन हे हवाई जहाज अमेरिकेला निघालं असताना त्याच्या पाचपैकी चार इंजिनांनी दगा दिला आणि त्याला फ्रान्समध्ये उतरावं लागलं. दोष क्रँकशाफ्टच्या पीळ-कंपनाकडेच गेला.

कागदावर हिशेब करायची युक्ती अशी: खरा शाफ्ट विसरायचा आणि त्याच्या जागी चकत्यांची माळ कल्पायची. प्रत्येक क्रँक, त्यावरचा कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन मिळून एक चकती. पुली एक चकती, फ्लायव्हील एक चकती. दोन चकत्यांमधला शाफ्टचा तुकडा म्हणजे बिनवजनाची स्प्रिंग. चार सिलिंडरच्या इंजिनाला सहा-सात चकत्या पुरतात.

या माळेची नैसर्गिक वारंवारता काढायची सुटसुटीत रीत हाइनरिश होल्त्सर यांनी १९२१ मध्ये मांडली. हिशेब कसा चालतो ते दोनच चकत्या घेऊन पाहू. आकडे उदाहरणासाठी मीच धरलेत: पुढच्या चकतीचं जडत्व ०.०२, फ्लायव्हीलचं ०.१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग, आणि मधल्या शाफ्टचा ताठरपणा दर रेडियनला (कोनाचं एकक, सुमारे ५७ अंश) ६०,००० न्यूटन-मीटर.

आता वारंवारता चक्क अंदाजाने धरायची. धरा २५० हर्ट्झ. पुढची चकती १ रेडियन हेलकावते असं माना. एवढ्या वेगाने हेलकावायला तिला किती जोर लागेल, तो जोर स्प्रिंगला किती पिळेल, आणि मग फ्लायव्हील कुठे असेल, हे एकामागून एक काढत जायचं. शेवटी फ्लायव्हीलच्या मागे तर काहीच नाही, म्हणजे तिथे जोर शून्य उरायला हवा. पण २५० धरलं तर सुमारे १,१५,००० न्यूटन-मीटर शिल्लक राहतात. हिशेब चुकला, वारंवारता कमी धरली. ३२० धरून पाहा: शिल्लक उणे १,३०,००० च्या आसपास. चिन्ह उलटलं, म्हणजे खरं उत्तर मध्ये कुठेतरी आहे. २९३ ला शिल्लक शून्यावर येते. तीच नैसर्गिक वारंवारता.

वहीतली जमाखर्चाची बाजू जुळेपर्यंत बेरजा करत बसावं तसं हे काम. संगणक नव्हते तेव्हा इंजिनिअर हे तक्ते हाताने भरत. आज संगणक एका क्षणात सगळ्या वारंवारता काढतो, आणि स्प्रिंगचा ताठरपणाही क्रँकच्या पूर्ण त्रिमिती आकारावरून काढला जातो. पण मुळातली माळ तीच राहिली आहे.

या तक्त्यातून आणखी एक गोष्ट फुकट हाती लागते. वारंवारता जुळली त्या वेळी फ्लायव्हीलचा आकडा उणे ०.१३ येतो. म्हणजे पुढचं टोक १ अंश एका बाजूला गेलं की फ्लायव्हील ०.१३ अंश उलट बाजूला जातं. बादल्यांची गोष्ट इथे आकड्यांत उतरली.

मग गणितच पुरेसं का नाही?

कारण वारंवारता गणिताने चांगली कळते, पण अनुनादाला हेलकावा नेमका किती मोठा होईल ते कळत नाही. झोका किती उंच जाणार, हे ढकलण्याइतकंच हवा आणि कड्यांचं घर्षण त्याला किती अडवतं यावर ठरतं. या अडवण्याला अवमंदन म्हणतात. क्रँकशाफ्टला कोण अडवतं? बेअरिंगमधल्या तेलाचा थर, पिस्टनच्या रिंगांचं घासणं, खुद्द धातूच्या आत होणारी थोडीशी उष्णता. यातलं काहीही नकाशावर मोजपट्टी लावून मिळत नाही. तेल तापलं की बदलतं, इंजिन जुनं झालं की बदलतं. बाकी सगळं वजनाकाट्यावर आणि नकाशावर मिळतं. हा एक आकडा मात्र तशाच जुन्या इंजिनांच्या अनुभवावरून घ्यावा लागतो. आणि नेमका अनुनादाच्या जागी, जिथे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, तिथे सगळं याच आकड्यावर टांगलेलं असतं. अवमंदन निम्मं धरलं तर हेलकावा दुप्पट निघतो.

म्हणून इंजिन प्रत्यक्ष चालवून मोजावंच लागतं.

दात्यांची मोजणी

मोजण्याची रीत कल्पनेत अगदी साधी आहे. क्रँकवर दाते असलेलं चाक असतं आणि त्यासमोर एक सेन्सर. मोटारींत ६० दात्यांच्या जागा आणि त्यातले दोन गाळलेले, म्हणजे ५८ दाते, ही रचना फार प्रचलित आहे. गाळलेल्या दोन दात्यांच्या फटीवरून क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. एक दाता गेल्यापासून दुसरा येईपर्यंतचा वेळ मोजत राहायचं.

३,००० आरपीएमला एक फेरी २० मिलिसेकंदांत होते. ६० जागा, म्हणजे दर दात्याला सुमारे ३३३ मायक्रोसेकंद. शाफ्ट ०.१ अंश पिळला तर दाता साडेपाच मायक्रोसेकंद लवकर किंवा उशिरा येतो. एका मायक्रोसेकंदापर्यंत अचूक घड्याळ असेल तर ०.०१८ अंशापर्यंतचा पीळ पकडता येतो. सेकंदाला लाखो टिकटिक मोजणारं घड्याळ आज स्वस्तातल्या चिपमध्येही असतं, त्यामुळे वेळेची अडचण नाही.

अडचण दात्यांची आहे. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर एखाद्या दात्याची कड ०.१ मिलिमीटर सरकलेली असेल, तर तेवढ्याने जवळपास ०.०६ अंशाची चूक होते. आपल्याला जो पीळ शोधायचा आहे, तोही याच मापाचा! वाईट म्हणजे ही चूक दर फेरीला जशीच्या तशी परत येते, म्हणून हजार फेऱ्यांची सरासरी काढली तरी ती पुसली जात नाही. उलट पहिली, दुसरी, तिसरी अशी पूर्णांकी ऑर्डर असल्याचं सोंग घेते. तिला ओळखायचं कसं? चाकातली चूक कोणत्याही वेगाला आणि भाराला तेवढीच राहते, खरा पीळ मात्र दोन्हींबरोबर बदलतो. म्हणून इंजिन शांतपणे फिरत असताना दाते एकदा तपासून घ्यायचे आणि ती चूक पुढच्या मोजणीतून वजा करायची. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते: अर्ध्या ऑर्डरींमध्ये ही लबाडी शिरूच शकत नाही. चाक दर फेरीला तेच असतं आणि अर्ध्या ऑर्डरीला दोन फेऱ्या लागतात. तिथे जे दिसतं ते चाकाच्या दात्यांचं नव्हे.

चाचणीत पुढच्या टोकाला बारीक खुणांचा एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारी चकती) बसवतात, किंवा फिरत्या शाफ्टवर लेझरचे दोन किरण टाकून त्याच्या वेगातला चढउतार वाचतात. मग इंजिन पूर्ण लोडवर हळूहळू वरच्या वेगापर्यंत नेतात आणि आलेख काढतात: आडवा इंजिनाचा वेग, उभी वारंवारता. त्या आलेखात प्रत्येक ऑर्डर तिरक्या रेषेसारखी वर चढते. नैसर्गिक वारंवारता मात्र आडवी राहते. दोघी जिथे छेदतात तिथे रेघ एकाएकी जाड आणि गडद होते. अंदाज खरा की खोटा, ते त्या छेदावर कळतं. आणि छेदावरचा उंचवटा किती रुंद आहे यावरून तो निसटता आकडा, अवमंदन, अखेर हाती येतो. तो परत गणितात घालायचा आणि माळ पुन्हा सोडवायची.

गाडीत सेन्सर आहेच, मग तोच का नाही सांगत?

अनेक गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला असतो. आणि पीळ-कंपनाचा हेलकावा तिथेच सगळ्यात कमी. आपल्या दोन चकत्यांच्या उदाहरणात पुढे एक अंश हललं तर मागे ०.१३. शिवाय त्या सेन्सरला दोन गोष्टी एकत्र दिसतात: दर ठोक्याबरोबर अख्खा शाफ्ट एकसंध पुढे-मागे होणं, आणि शाफ्ट स्वतःत पिळणं. कमी वेगाला पहिली गोष्ट इतकी मोठी असते की दुसरी तिच्याखाली गाडली जाते. दोन्ही टोकांना सेन्सर लावून वजाबाकी केली तर दोन्ही वेगळ्या करता येतात, पण रोजच्या गाडीत तशी सोय नसते.

यावरचा उपाय म्हणजे चकत्यांची तीच माळ संगणकात इंजिनाबरोबर चालू ठेवायची. संगणक माळेच्या आधारे सांगतो की फ्लायव्हीलकडच्या सेन्सरसमोर दाता आता येईल. खरा दाता थोडा अलीकडे-पलीकडे येतो. त्या फरकावरून माळेतल्या सगळ्या चकत्यांची स्थिती जराशी दुरुस्त करायची, पुढच्या दात्याला पुन्हा तेच. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेली फिल्टरची पद्धत हेच काम करते: माळेवर किती विश्वास ठेवायचा आणि सेन्सरवर किती, याचं गुणोत्तर ती दर पायरीला ठरवते. भिंतीपलीकडे चाललेलं काम नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या जाणत्या कारागिराची ही रीत आहे. मात्र माळ चुकीची असेल तर अंदाजही आत्मविश्वासाने चुकतो.

याचा उपयोग फक्त शाफ्ट वाचवण्यापुरता नाही. एखादा सिलिंडर पेटला नाही, म्हणजे मिसफायर झाला, तर शाफ्ट क्षणभर मंदावतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, तेवढ्यावरून चेक इंजिनचा दिवा लावतो. वरच्या वेगाला हे मंदावणं अगदी बारीक असतं आणि शाफ्टचा पीळ त्याच मापाचा होतो. पिळाचा हिशेब वजा केला नाही तर दिवा विनाकारण लागतो, किंवा लागायला हवा तेव्हा लागत नाही.

चालवताना हे जाणवत का नाही?

कारण हा पीळ शाफ्टच्या आतला मामला आहे. एक टोक इकडे, दुसरं तिकडे, आणि चाकांना जोडलेलं मागचं टोक जवळजवळ शांत. आयडलिंगला सीटखाली जी थरथर जाणवते ती अख्ख्या इंजिनाच्या डोलण्याची, तिचा याच्याशी संबंध थोडा. फार तर पुढच्या बाजूला टायमिंग चेनची खडखड वाढते, बेल्ट कुरकुरतो, किंवा पुलीचा बोल्ट पुनःपुन्हा ढिला होतो.

शाफ्टच जाड केला तर?

ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ५० चा व्यास ६० केला तर तो दुपटीहून जास्त होतो, म्हणजे मार्ग मोहक आहे. पण जर्नल मोठे झाले की बेअरिंगमधलं घर्षण वाढतं आणि इंधन जास्त जळतं. शाफ्टचं स्वतःचं जडत्व वाढल्याने वारंवारता अपेक्षेइतकी वर जात नाही. आणि वर गेली तरी सापळे फक्त वरच्या वेगाकडे सरकतात, नाहीसे होत नाहीत.

म्हणून ते रबर

पुलीची बाहेरची कडी आणि रबर मिळून आणखी एक छोटी बादली आणि छोटा दोर होतात; हाच डँपर. त्यांची वारंवारता मुद्दाम शाफ्टच्या वारंवारतेजवळ ठेवलेली असते. शाफ्टचं पुढचं टोक हेलकावू लागलं की कडी उलट्या तालात हेलकावते आणि त्याला अडवते. आलेखातल्या एका उंच शिखराच्या जागी दोन बुटकी शिखरं उरतात. मध्ये रबर मळलं जातं आणि पिळाची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. मोठ्या डिझेल इंजिनांत रबराऐवजी बंद डब्यात घट्ट सिलिकॉन द्रव भरून त्यात कडी तरंगती ठेवतात, कारण तिथे रबराला एवढी उष्णता झेपत नाही.

रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं. कडक झालं की कडीची वारंवारता सरकते आणि डँपर भलत्याच सुराला जुळतो. कधी रबर सुटून कडी जागच्या जागी घसरते. जुन्या इंजिनांत टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडावी याची, खूण याच कडीवर कोरलेली असे; ती घसरली तर खुणेवरून लावलेलं टायमिंग चुकायचं, आणि दोष काढणारा तासन्‌तास कार्बोरेटर उघडत बसायचा.

डँपरशिवाय इंजिन लगेच मोडत नाही. अनुनादाच्या वेगाला दर मिनिटाला हजारो वेळा पीळ सोसत ते चालू राहतं, आणि क्रँकपिनवरच्या तेलाच्या भोकाच्या कडेला केसासारखी चीर सुरू होते. खडूचा तुकडा दोन्ही हातांत धरून पिळून मोडा. मोडलेलं टोक सपाट नसतं, ते ४५ अंशांच्या कोनात गोल वळत गेलेलं असतं. वाकवून मोडलेला खडू मात्र आडवा, सरळ तुटतो. पीळ-कंपनाने तुटलेल्या क्रँकची चीर अशीच तिरकी वळत जाते, आणि तुटलेला तुकडा पाहून जाणकार त्यावरूनच सांगतो की हा वाकून गेला की पिळून.

त्याच खडूने इंजिन बंद आणि थंड असताना पुलीवर एक सरळ रेघ ओढून ठेवता येते, आतल्या भागापासून रबरावरून बाहेरच्या कडीपर्यंत. खडू पुसला जात असेल तर रंगाचा बारीक ब्रश वापरा. काही हजार किलोमीटरनंतर ती रेघ रबराच्या दोन्ही बाजूंना एकमेकींसमोर राहिली नसेल, तर कडी घसरली आहे आणि पुली बदलायची वेळ आली आहे.